रक्तात दिसला, हृदयात वाढला

बँकेच्या नोकरीत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाच्या अंगवळणी काही गोष्टी अशा पडतात की निवृत्तीनंतरही त्या सुटत नाहीत. त्यातली एक लेजरची. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा संगणक नव्हते. जाडजूड लेजरं होती आणि शिकवणारे हेडक्लार्क होते. आकडा चुकला तर तो खोडरबराने पुसायचा नाही, ब्लेडने खरवडायचा नाही, त्याच्यावरच दुसरा गिरवायचा नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, तीही अशी की खालचा आकडा कुणालाही वाचता यावा. वर बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी सही करायची. चूक केली ती मीच आणि सुधारली तीही मीच, असं ती सही सांगते. ऐकायला सोपं आहे, पण ती सही करताना भल्याभल्यांचा हात जड होतो. माझाही झाला होता.

१९८६ च्या सुमारास मी विदर्भातल्या एका आडवळणाच्या शाखेत शेतीकर्जाचं काम पाहत होतो. म्हशींसाठी दिलेल्या कर्जांची पाहणी करायला गोठ्यागोठ्यातून हिंडावं लागे. एका कर्जदाराची म्हैस महिन्या-दीड महिन्यात वाळत गेली, दूध आटलं आणि एक दिवस मेली. कानातला विम्याचा बिल्ला रुमालात बांधून तो शाखेत आला. मी पंधरा दिवसांपूर्वीच त्याच्या गोठ्यात जाऊन आलो होतो. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी ती म्हैस पाहून मी अहवालात लिहिलं होतं, की जनावराची आबाळ झाली आहे, मालक चारा घालत नाही. त्या एका वाक्यावर विम्याचा दावा अडला.

दोन महिन्यांनी तिथल्या पशुवैद्यांनी मला त्याच गावातल्या दुसऱ्या म्हशीच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकातून दाखवला. तांबड्या पेशींच्या गर्दीत काहीतरी वळवळत होतं, पेशींना धक्के देत पुढे सरकत होतं. तो सर्रा रोग होता. चावणाऱ्या मोठ्या माश्या तो एका जनावरातून दुसऱ्यात नेतात. जनावराला ताप येतो, रक्त कमी होतं आणि चारा खाऊनही ते वाळत जातं. पहिली म्हैसही त्यानेच गेली असणार, असं ते सहज बोलून गेले. फाइल तोवर वरच्या कार्यालयात गेली होती. एक दुरुस्तीचं टिपण लिहायला मला दहा मिनिटं लागली असती. मी ते लिहिलं नाही.

सर्राच्या त्या वळवळणाऱ्या जीवाचं नाव ट्रिपॅनोसोम. पुढे २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात हाच जनावरांचा परजीवी सापडला आणि जगभरच्या तज्ज्ञांचं लक्ष तिकडे गेलं. माणसाच्या रक्तात त्याला मारणारं एक प्रथिन असतं. त्या शेतकऱ्याच्या रक्तात ते जन्मतःच नव्हतं, हे २००६ साली सिद्ध झालं. औषधोपचाराने तो बरा झाला. ती बातमी वाचल्यावर माझ्या मनातली जुनी फाइल पुन्हा उघडली. मिळेल ते वाचू लागलो आणि वाचता वाचता या कुळातल्या सर्वांत फसव्या परजीवीपाशी आणि त्याला शोधून काढणाऱ्या माणसापाशी येऊन थांबलो. त्याचं नाव कार्लोस शागास. इंग्रजी वळणाने आपल्याकडे चागास असं लिहितात. पण तो ब्राझीलचा, पोर्तुगीज बोलणारा. तेव्हा आपण शागासच म्हणू.

ब्राझीलच्या मिनास जेराइस प्रांतात ओलिव्हेरा नावाचं गाव आहे. तिथल्या कॉफी पिकवणाऱ्या कुटुंबात ९ जुलैला शागास यांचा जन्म झाला. एकोणिसावं शतक संपायला तेव्हा वीसेक वर्षं उरली होती. चार वर्षांचे असताना वडील गेले. शेतीचा आणि मुलांचा सगळा भार आईवर पडला. मुलाने खाणींचा इंजिनियर व्हावं, अशी तिची इच्छा; त्यासाठी त्यांना शिकायला पाठवलंही. पण डॉक्टर असलेल्या मामांचं वळण मनात भरलं होतं. शेवटी आईचं मन वळवून १८९७ साली ते रिओच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाले. १९०३ साली त्यांनी हिवतापावर प्रबंध लिहिला. तो लिहिताना ते ऑस्वाल्दो क्रूझ यांच्या हाताखाली आले. रिओतून पीतज्वर हुसकावून लावणारे ते हेच क्रूझ. शिष्याने गुरूचं नाव पुढे कसं अजरामर केलं, ते येईलच.

१९०५ मध्ये सांतोस बंदराच्या कंपनीचं एक धरणाचं काम हिवतापाने ठप्प झालं होतं. शागास तिथे गेले. डास माणसाला बहुधा घरातच, रात्री चावतो, तेव्हा लढाई घरातच लढली पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. रोग्यांना जाळीत ठेवलं, घरोघरी कीटकनाशक धूर केला आणि काही महिन्यांत साथ आवरली. घरात शिरून रोग शोधण्याची ही सवय त्यांना जन्मभर पुरली.

१९०७ साली क्रूझ यांनी त्यांना लासान्स नावाच्या खेड्यात पाठवलं. उत्तरेकडे सरकणारा रेल्वेमार्ग तिथे अडला होता. मजूर हिवतापाने पटापट आजारी पडत होते. शागास यांनी रेल्वेच्या डब्यात बिऱ्हाड थाटलं. तोच डबा घर, तोच दवाखाना आणि तीच प्रयोगशाळा. पण सगळेच रोगी हिवतापाचे नाहीत, हे लवकरच त्यांच्या लक्षात आलं. धडधाकट दिसणाऱ्या माणसांची नाडी अडखळत होती. ऐन तरुण माणसं चालता चालता कोसळून मरत होती. कारण कुणालाच माहीत नव्हतं.

एके दिवशी रेल्वेच्या प्रमुख अभियंत्यांनी त्यांना एक किडा दाखवला. आपल्या ढेकणाचा दूरचा भाऊबंद, पण बोटाच्या पेराएवढा, पंखवाला. गरिबांच्या कुडाच्या, मातीने लिंपलेल्या भिंतींच्या भेगांत तो दिवसभर दडून राही आणि रात्री झोपलेल्या माणसाचं रक्त पिई. पांघरुणाबाहेर राहतो तो चेहरा, म्हणून तो चेहऱ्यालाच चावे. त्यामुळे लोक त्याला बार्बेरो, म्हणजे न्हावी म्हणत. घरात राहून माणसाचं रक्त पिणारा किडा म्हटल्यावर शागास यांनी त्याचं पोट फाडून पाहिलं. आतड्यात शेपटीवाले सूक्ष्म जीव वळवळत होते.

त्यांनी काही किडे रिओला क्रूझ यांच्याकडे धाडले. तिथे मार्मोसेट या खारीएवढ्या माकडांना ते चावू दिले. तीनेक आठवड्यांनी माकडं आजारी पडली आणि त्यांच्या रक्तात एक नवाच ट्रिपॅनोसोम दिसला. शागास यांनी गुरूच्या आदरार्थ त्याचं नाव ठेवलं क्रूझी. मग ते लासान्सला परतले आणि घरोघर रक्त तपासू लागले. आधी तो एका मांजरात सापडला. मग १४ एप्रिल १९०९ रोजी तापाने फणफणलेल्या दोन वर्षांच्या मुलीच्या रक्तात सापडला. तिचं नाव बेरेनीस.

वैद्यकाच्या इतिहासात सहसा उलट क्रम असतो. आधी रोग माहीत होतो, मग जंतू सापडतो आणि मग तो कसा पसरतो ते कळतं. इथे तिशीच्या आसपासच्या एका तरुणाने आधी किडा पाहिला, मग जंतू, मग जनावर आणि शेवटी माणसाचा रोग. तेही एका खेड्यात, रेल्वेच्या डब्यात बसून. बातमी जगभर गेली. रिओच्या वैद्यक अकादमीत जागा रिकामी नसतानाही १९१० साली त्यांना सभासद करून घेतलं. १९१२ साली जर्मनीचा शाउडिन पुरस्कार मिळाला.

पण एक हिशोब लागत नव्हता. आफ्रिकेतल्या निद्रारोगाचा ट्रिपॅनोसोम आणि आपल्या सर्राचा ट्रिपॅनोसोम, दोघेही रक्तातच वाढतात. एका जीवाला शेपटीशेजारी दुसरी शेपटी फुटते, आतलं केंद्रक दुणावतं आणि शेवग्याची शेंग उभी चिरावी तसा तो लांबीत चिरला जाऊन एकाचे दोन होतात. रक्ताचा थेंब पाहिला तर असे अर्धवट चिरलेले जीव हटकून सापडतात. क्रूझीच्या बाबतीत मात्र रक्तातले जीव दुभंगताना दिसतच नव्हते. जमा बाजूची नोंद सापडत नव्हती, पण शिल्लक तर वाढत होती. मग तो वाढतो कुठे?

शागास यांनी प्रयोगातल्या जनावरांची इंद्रियं तपासली. फुप्फुसांत त्यांना गोल पिशव्या दिसल्या. एकेका पिशवीत आठ-आठ ठिपके. शागास मूळचे हिवतापाचे अभ्यासक. हिवतापाचा जंतू रक्तपेशीत शिरून एका दमात अनेक तुकड्यांत फुटतो, हे त्यांना तोंडपाठ. त्यांना वाटलं, क्रूझीही तसाच फुटत असणार. त्यांनी तसं छापलं आणि या जीवाच्या कुळालाच, तुकड्यांत फुटणारा या अर्थाचं नवं नाव देऊन टाकलं. ओळखीची पावती दिसली की माणूस तीच खाते क्रमांकाशी जुळवून मोकळा होतो. आम्हीही कित्येकदा केलं आहे.

ती चूक होती. त्याच संस्थेत गास्पार व्हियाना नावाचा ब्राझीलच्या उत्तर भागातून आलेला तरुण काम करत होता. जन्म १८८५ चा, म्हणजे शागास यांच्याहून धाकटा. त्याने या रोगाने मेलेल्या माणसांच्या हृदयाच्या स्नायूचे पातळ काप घेतले आणि १९११ साली खरी गोष्ट दाखवून दिली. क्रूझी रक्तात वाढतच नाही. तो पेशीच्या आत शिरतो, शेपटी टाकून देतो आणि गोल गोळी होऊन बसतो. या गोळीचा आकार मिलिमीटरच्या हजार भागांपैकी दोन ते चार भाग. मग एकाच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ. आज आपल्याला हेही ठाऊक आहे की हे दुप्पट होणं साधारण अर्ध्या दिवसाला एकदा घडतं आणि चार-पाच दिवसांत सुमारे नऊ वेळा घडतं. चक्रवाढीचं गणित करून पाहा. एकाचे पाचशे बारा होतात. पेशी ठासून भरते. मग त्या गोळ्यांना पुन्हा शेपट्या फुटतात, पेशी फाटते आणि शेकडो जीव रक्तात उतरतात. रक्तातल्या या जीवांना दुभंगता येत नाही. त्यांची कामं दोनच: नव्या पेशीत घुसायचं किंवा रक्त पिणाऱ्या किड्याच्या पोटात जायचं. किड्याच्या आतड्यात तो पुन्हा वेगळं रूप घेतो, तिथे मात्र शेंगेसारखा उभा चिरत वाढतो आणि शेवटी आतड्याच्या टोकाला न वाढणाऱ्या, पण माणसाला बाधणाऱ्या रूपात येऊन थांबतो.

थोडक्यात, जो दिसतो तो वाढत नाही आणि जो वाढतो तो दिसत नाही. शागास यांना या परजीवीने इथेच चकवलं होतं.

शागास यांच्या जागी दुसरा कुणी असता तर? नाव जगभर झालेलं, संस्थेत गुरूनंतर आपलाच मान आणि चूक काढणारा विशीतला कनिष्ठ सहकारी. व्हियानाचे काप कपाटात पडून राहतील, अशी व्यवस्था करणं अवघड नव्हतं. शागास यांनी तसं केलं नाही. व्हियानाचं म्हणणं त्यांनी स्वीकारलं, फुप्फुसातल्या पिशव्या या परजीवीच्या नाहीत हे मान्य केलं, आपण दिलेलं नवं कुळनाव मागे घेतलं आणि जुनं ट्रिपॅनोसोमा क्रूझी हेच नाव पुन्हा वापरू लागले. त्या पिशव्या एका निराळ्याच जीवाच्या होत्या. पॅरिसमधल्या दोघा संशोधकांनी १९१२ साली त्याला न्युमोसिस्टिस असं नाव दिलं. पुढे १९८० च्या दशकात एड्सच्या रोग्यांना ज्या न्युमोनियाने गाठलं, तो याच जीवामुळे होणारा.

व्हियाना फार जगला नाही. एका क्षयरोग्याचं शवविच्छेदन करताना छातीतलं पाणी त्याच्या तोंडावर उडालं आणि थोड्याच आठवड्यांत, १९१४ साली तो क्षयाने गेला. वय अवघं एकोणतीस.

शागास यांची दुसरी चूकही अशीच दुरुस्त झाली. रोग किड्याच्या चाव्यातून होतो, असं त्यांना वाटे. ब्रुम्प्त या फ्रेंच संशोधकाने १९१२ मध्ये दाखवलं की परजीवी किड्याच्या सोंडेतून नव्हे, विष्ठेतून येतो. किडा रक्त पितापिताच विष्ठा टाकतो. माणूस झोपेत खाजवतो, डोळा चोळतो आणि रोग स्वतःच्याच हाताने आत घेतो.

तिसऱ्या चुकीला मात्र त्यांनी रेघ मारली नाही. मिनास जेराइसमध्ये गलगंडाचे रोगी घरोघर होते. गलगंडही याच परजीवीमुळे होतो, असं शागास यांनी मांडलं आणि तो आग्रह लवकर सोडला नाही. त्याची किंमत त्यांना मोजावी लागली. १९१७ साली क्रूझ गेल्यावर ते संस्थेचे संचालक झाले. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत स्वतः आजारी पडूनही त्यांनी रिओत दवाखाने उघडले आणि १९२० पासून देशाच्या आरोग्य खात्याची धुराही वाहिली. अशा माणसाला शत्रू कमी नसतात. १९२२ साली ज्या अकादमीने त्यांना सन्मानाने आत घेतलं होतं, तिच्यातच त्यांच्यावर हल्ला झाला. हा कुठल्याशा खेड्यापुरता किरकोळ रोग आहे, रोग्यांच्या रक्तात परजीवी सापडत नाही, शोधाचं श्रेयही क्रूझ यांचंच, असे आरोप झाले. गलगंडाची बाजू लंगडी होती, तिच्यामुळे बाकी खरं बोलणंही लोकांना खोटं वाटू लागलं. एका पानावर रेघ मारायची राहिली की ऑडिटर सगळ्याच पानांकडे संशयाने पाहतो, तसंच झालं.

रक्तात परजीवी का सापडत नव्हते, याचं उत्तर व्हियानाच्या कापांतच होतं. ताप उतरला की रक्तातले जीव जवळजवळ दिसेनासे होतात. हृदयाच्या स्नायूत त्यांचं खातं मात्र वर्षानुवर्षं चालू राहतं. १९२३ साली चौकशी समितीने शोधाचं श्रेय शागास यांचंच असल्याचं मान्य केलं, पण रोग देशात किती पसरला आहे, हा वाद मिटला नाही. नोबेल पुरस्कारासाठी त्यांचं नाव १९१३ आणि १९२१ अशा दोन वर्षी सुचवलं गेलं. पहिल्या वेळी तो फ्रान्सच्या रिशे यांना मिळाला. १९२१ मध्ये वैद्यकाचं नोबेल कुणालाच दिलं गेलं नाही.

८ नोव्हेंबर १९३४ रोजी, साठी गाठण्याआधीच, शागास हृदयविकाराने गेले. त्यांच्यामागे वर्षभरात अर्जेंटिनात रोमान्या यांनी या रोगाची सहज ओळखता येणारी खूण जगापुढे ठेवली, एका डोळ्याची सूज. आणि तिथल्याच माझ्झा यांनी गावोगाव हिंडून शेकडो रोगी शोधून काढले. वाद संपला. दोन्ही मुलगे शास्त्रज्ञ झाले. थोरला एव्हांद्रो १९४० साली विमान अपघातात गेला. धाकट्याने बापाचंच नाव चालवलं आणि दीर्घ आयुष्य लाभून २००० साली तो वारला.

आणि बेरेनीस? ती सत्तरी ओलांडेपर्यंत जगली. म्हातारपणीही तिच्या शरीरात तो परजीवी सापडला, पण तिच्या हृदयाला त्याने फारसं काही केलं नाही. सगळेच इतके नशीबवान नसतात. बाधा झालेल्यांपैकी तिघांतल्या एकापर्यंत माणसांचं हृदय पुढे दुबळं होतं. आजही जगात सुमारे सत्तर लाख माणसं या रोगासह जगत आहेत, बहुतेक लॅटिन अमेरिकेत, बहुतेक गरीब. दोन औषधं आहेत. बाधा झाल्या झाल्या दिली तर ती जवळजवळ हमखास गुण देतात. चिराळलेल्या कुडाच्या भिंती गेल्या, किड्यांवर फवारण्या झाल्या आणि २००६ साली ब्राझीलमध्ये त्या मुख्य घरगुती किड्याकडून होणारा प्रसार थांबल्याचं जाहीर झालं. २०२० पासून १४ एप्रिल हा दिवस जगभर या रोगाचा दिवस म्हणून पाळला जातो. बेरेनीसच्या रक्ताचा थेंब ज्या दिवशी तपासला, तोच हा दिवस.

शागास यांच्या मोठेपणाबद्दल लिहिणारे बहुधा रेल्वेच्या डब्यातला तो शोध सांगतात. तो मोठाच आहे. पण माझ्यासारख्या लेजरवाल्याला ते १९११ नंतर मागे घेतलेलं एक नाव जास्त मोलाचं वाटतं. त्या रेघेच्या खालचा चुकीचा आकडा आजही वाचता येतो आणि शेजारी सही आहे.

विदर्भातला तो कर्जदार पुढे माझ्या बदलीपर्यंत मेलेल्या म्हशीचे हप्ते मुकाट्याने फेडत राहिला. काउंटरवर पैसे मोजून देताना तो माझ्याकडे बघत नसे. मीही मान खाली घालून पावती फाडत असे. त्याचं नाव मला अजून आठवतं, ते इथे लिहीत नाही. ती फाइल आता कुठल्याही कपाटात नसेल. तरी इतक्या वर्षांनी माझ्या अहवालातल्या त्या वाक्यावर एक आडवी रेघ मारतो आणि वर लिहितो, की जनावराची आबाळ झाली नव्हती, मालक चारा घालत होता, म्हैस सर्राने गेली असावी. शेजारी सही करायची ती या लेखाखाली आहेच.